दाराबाहेरची डॉक्टर

सुजे,

आपल्या डॉक्टरांच्या मासिकाला तुझ्यावर लेख हवाय. संपादकांनी फोनवर मला विशेषणंसुद्धा सुचवली. कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, मितभाषी. मितभाषी! मी फोन कानापासून लांब धरून हसले. त्यांना वाटलं मी रडतेय, आणि ते बिचारे माझं सांत्वन करायला लागले.

तुझा जन्म कुठला, शिक्षण कुठं झालं, कुठल्या कुठल्या पदांवर होतीस, ते सगळं त्यांच्याकडं आहे. ते त्याची काळी चौकट करून छापतील. मी आपली तुझ्याशीच बोलणार आहे. आणि आधीच सांगून ठेवते, रडका लेख मला जमणार नाही. तुला जाऊन अजून धड महिना नाही झाला, आणि मी कालपासून इतकी खुशीत आहे की माझी मलाच लाज वाटते. आज सकाळी पोह्यांत दोनदा मीठ पडलं माझ्या हातून. घरच्यांनी ते मुकाट्यानं खाल्ले, कारण त्यांना वाटतंय मी दुःखात आहे. आहेच मी दुःखात. पण मीठ त्यामुळं पडलं नव्हतं.

उद्या सोमवार. उद्या जिल्ह्याच्या साहेबांना मला उत्तर द्यायचंय. आपल्या ग्रामीण रुग्णालयाचा पदभार, म्हणजे तुझी खुर्ची, मी घेणार की नाही? नाही म्हटलं तर दुसऱ्या तालुक्याचे एक साहेब आठवड्यातून दोनदा येतील आणि सह्या करून जातील. आणि सह्या करून जाणाऱ्या माणसाच्या भरवशावर अडलेल्या बाईचं सिझेरियन कुणी करत नाही. म्हणजे आपण दोघींनी, बरं बाई, जास्त तूच, भांडून-तंडून सुरू केलेलं थिएटर पुन्हा कुलूपबंद. अडलेल्या बायका पुन्हा गाडीत घालून परभणीला. हे सगळं मला कळत होतं आणि तरीही माझं उत्तर 'नाही' असंच होतं. कालपर्यंत.

कालचं सांगते. पण तुला ठाऊक आहे, मला मधूनच सुरुवात करता येत नाही.

आपली ओळख इंटर्नशिपमधली. मी परभणीच्या एका मास्तरांची मुलगी, बोलताना अनुस्वारसुद्धा जागच्या जागी ठेवणारी. तू बोरीची. आई-वडील दोघं शेतात राबणारे, घराण्यातली पहिली डॉक्टर. माझी अपेक्षा अशी की अशी मुलगी शहरात आली की आधी बोलणं सुधारते. तू कसली सुधारतेस! वॉर्डात, राऊंडला, मोठ्या सरांसमोर, सगळीकडं तुझं बोरीचंच. मी एकदा हळूच विचारलं, "तू सगळ्यांसमोर असं का बोलतेस गं?"

"असं म्हंजी कसं?"

"हेच. आमी, तुमी, न्हाई."

"पेशंट माझ्याच भाषेत कन्हतंय वैशे, तुझ्या न्हाई," म्हणालीस आणि पुढच्या खाटेकडं गेलीस. मी त्या दिवशी तुझ्यावर रागावले आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन तुझ्याशेजारी येऊन बसले.

पिंगळीचं लसीकरणाचं शिबिर आठवतं? आपण दोघी पॅसेंजरनं उतरलो. मे महिन्याचं ऊन, आणि लसीच्या डब्यातला बर्फ पाणी होत आलेला. न्यायला यायची गाडी बेपत्ता, वरचे साहेब फोन उचलेनात. मी म्हणाले, "परत जाऊ. आपली काय चूक आहे यात?" तू माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीस. तू सरळ स्टेशनाबाहेरच्या कुल्फीवाल्यासमोर जाऊन उभी राहिलीस.

"भैया, सगळा बर्फ दे."

"डॉक्टरीण बाई, कुल्फी पाघळती ना माझी."

"कुल्फी पाघळली तर पोरं चाटून खातील. लस पाघळली तर पोरांनी काय करायचं?"

त्यानं बर्फ दिला. आणि मग पाघळायला लागलेली ती सगळी कुल्फी आपण शिबिरात नेली. सुई टोचल्यावर भोकाड पसरणारं प्रत्येक पोर हातात कुल्फीची काडी घेऊन घरी गेलं. पुढच्या खेपेला पिंगळीत पोरांची ही रांग! काहींना तर नुकतीच लस दिलेली होती, तरी दंड पुढं करून उभी. मी त्या दिवसापासून सगळ्यांना सांगत सुटले, सुजाता लय धाडसी आहे. हो, 'लय' म्हणाले. तुझ्या संगतीचा परिणाम.

खरं तर ते धाडस नव्हतं. कुणीतरी येईल, कुणीतरी सांगेल, मग आपण करू, ही वाट बघण्याची सवय आम्हा सगळ्यांच्या अंगात मुरलेली, ती तुझ्यात नव्हती. बायकांमध्ये तर ती जास्तच मुरलेली असते. चांगल्या मार्कांनी पास झालेल्या, चाळीस खाटांचा वॉर्ड एकटीनं सांभाळणाऱ्या डॉक्टरणी मी पाहिल्यात, ज्या मिटिंगमध्ये दाराजवळची खुर्ची धरून बसतात आणि विचारल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. मीही त्यातलीच. तू मात्र टेबलाच्या मधोमध बसायचीस आणि वर चहा मागायचीस.

तरी तुझी खुर्ची तुला सरळ मिळाली नाहीच. वर्षानुवर्षं तू 'प्रभारी' अधीक्षक. कायमचे साहेब यायचे, हार घ्यायचे आणि दुसऱ्या दिवसापासून बदलीच्या खटपटीला लागायचे. ते गेले की बंद पडलेला जनरेटर, गळणारं छत आणि रुसलेला स्टाफ पुन्हा तुझ्या पदरात. मी चिडायचे. "तू दुसऱ्यांसाठी खुर्ची उबवून ठेवतेस," म्हणायचे.

"उबवू दे की. एखांद्या दिवशी पिल्लू निघंल."

आणि बढतीच्या वेळचा तो किस्सा मी अजून प्रत्येक नव्या डॉक्टरणीला सांगते. टेबलापलीकडच्या साहेबांनी अगदी मायेनं विचारलं होतं, "मॅडम, दोन मुलं, घरदार, हे सगळं कसं जमवणार तुम्ही?" तू म्हणालीस, "साहेब, तुमचं कोन जमवतं?" ते म्हणाले, "माझी मिसेस बघते." "मंग माझं माझे मिस्टर बगतेत." आणि मिस्टर खरंच बघायचे. त्यांची भाकरी तुझ्यापेक्षा पातळ असायची, हे मी आज छापून टाकते.

कायमचा आदेश हातात पडला त्या दिवशी तू मला गाडीत घालून येलदरीला नेलंस. धरणाजवळच्या टपरीवर बसून तू तळलेले मासे फस्त करत होतीस आणि मी समोर ठेचा-भाकरी. आपलं खरं भांडण तिथं सुरू झालं.

"वैशे, आता माझ्यामागं तू."

"माझ्यामागं तू काय? मी डॉक्टर झाले ती बाळंतपणं करायला. मिटिंगा करायला नाही."

"मिटिंगा करणाऱ्यांनीच आपलं थेटर इतके दिवस बंद ठिवलं ना? त्यातल्या एकानं तरी अडलेली बाई बगितली व्हती का?"

"म्हणून तर तू तिथं बस. मी बाळंतपणं करते, तू खुर्ची सांभाळ. मस्त चाललंय."

"आन् मी मेले की?"

"मरतेस कशाला?" मी म्हणाले. तुझ्या ताटातला मासा बघून नाक मुरडत म्हणाले.

तू हात पुसलेस. मग म्हणालीस की एवढ्या डॉक्टरणी आहेत आपल्याकडं, रात्रंदिवस राबतात, आणि काय करायचं ते ठरवायची वेळ आली की त्या खोलीत दुसरेच कुणीतरी बसलेले असतात. त्यांच्यातली एकजण तरी उठून त्या खोलीत जायला नको का? मी म्हणाले, जावी की. तू गेलीस ना? तू म्हणालीस, एकटी गेली तर लोक म्हणतात ती बाई वेगळीच होती. दुसरी गेली की मग ते रीतीचं होतं. मी भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला आणि विषय बदलला.

मग आली तुझी ती मंगळवारची तालीम. थिएटर सुरू करताना तू फर्मान काढलंस. अडलेली बाई दारात आल्यापासून बाळ हातात येईपर्यंत कोण काय करणार, याची दर मंगळवारी दुपारी रंगीत तालीम. पेशंट म्हणून आपले अॅम्ब्युलन्सवाले बाबाराव, पोटाला उशी बांधून. पहिल्या दिवशी ते लाजले. पुढं पुढं इतके रमले की स्ट्रेचरवर चढतानाच "आगं माय गं, मेले गं" सुरू करायचे. एकदा ओपीडीत बसलेल्या एका म्हातारीनं ते पाहिलं आणि मंगल सिस्टरला विचारलं, "बाई, ह्या बाप्याला काय व्हायलंय?" मंगल सिस्टर गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "नववा लागलाय." म्हातारी औषध न घेताच निघून गेली. त्यानंतर कितीतरी दिवस बाजारात लोक बाबारावांना तब्येत विचारत होते.

त्या तालमीत तू एक जागा नेमून ठेवली होतीस, दाराबाहेरची. तिथं उभं राहणाऱ्यानं आत जायचं नाही आणि कशाला हात लावायचा नाही. रक्त कुठवर आलं, भूल देणारे डॉक्टर निघाले का, लाईट गेली तर जनरेटर कोण चालू करणार, बाहेर बसलेली सासू काय म्हणतेय, हे सगळं त्यानं बघायचं. खऱ्या ऑपरेशनला तिथं तू असायचीस आणि आत मी. पण तालमीत तू मुद्दाम मला बाहेर उभी करायचीस आणि आत सनाला. सना आपल्याकडं नवीनच आलेली, हुशार पोरगी, पण कात्री उचलतानाही "मॅडम?" असं विचारून उचलणारी.

मी उभी राहायचे. खरंच ठरवून उभी राहायचे. पण आतून सनाचा "मॅडम?" आला की सुटलेच. चपला काढून, हात धुऊन, आत. तिला बाजूला सारून मीच टेबलापाशी. इकडं बाहेर शुकशुकाट. रक्त आणायला कुणी गेलेलंच नसायचं. थोड्या वेळानं तू शांतपणे आत यायचीस, बाबारावांच्या पोटावरची उशी काढून घ्यायचीस आणि जाहीर करायचीस, "उशी मेली. कुणी मारली? डॉक्टर वैशालीनं." सगळा स्टाफ खी खी खी. बाबारावसुद्धा, मेल्या मेल्या हसायचे.

एकदा मी भडकले. "माझ्या हाताला गुण आहे असं तूच सांगत फिरतेस ना? मग तो दाराबाहेर कशाला वाया घालवू?"

"हाताला गुण हाय तुझ्या," तू म्हणालीस. "पायाला धीर न्हाई. तू आत गेलीस की ती पोरगी शिकायची थांबती, आन् बाहेरचे सगळे तुझी वाट बगत बसतेत."

मी पुढच्या मंगळवारी रजा टाकली. तू तालीम बुधवारी घेतलीस.

मग तुझं पोट दुखायला लागलं. दुसऱ्यांची पोटं तपासण्यात तू स्वतःचं अंगावर काढलंस, यावर मी तुझ्याशी वेगळं भांडणार होते. पण पुढचं सगळं इतकं झटपट झालं की आपलं जुनं भांडणही अर्धंच राहिलं. संभाजीनगरच्या त्या दवाखान्यात मी तुझा हात धरून बसले होते. तू डोळे उघडलेस. मला वाटलं पाणी मागशील, मुलांबद्दल विचारशील.

"सना एकटी कराय लागली का?" तू विचारलंस.

"आधी तू बरी हो, मग भांडू."

"म्हंजी न्हाई," तू म्हणालीस आणि हसलीस.

ते आपलं शेवटचं बोलणं. मला तुला कितीतरी सांगायचं होतं सुजे. की तू नसतीस तर मी परभणीत एक नेटका खाजगी दवाखाना टाकून बसले असते आणि माझं आयुष्य फार अळणी गेलं असतं. की माझ्या मुलीला मी लहानपणी तुझ्याच गोष्टी सांगून जेवायला घातलंय. की मला तू फार आवडायचीस. यातलं काही न बोलता मी काय केलं, तर नर्सला बोलावून सलाईन जरा जोरात चाललंय म्हणून सांगितलं. डॉक्टर माणसाला प्रेमसुद्धा असंच करता येतं बहुतेक.

गुरुवारी बोरीला तुझं पुण्यानुमोदन झालं. भन्तेजींनी वंदना घेतली, लोक तुझ्याबद्दल बोलायला उभे राहिले, आणि निम्मी माणसं तू बाळंत केलेली निघाली! म्हणजे त्यांच्या आया. एक मिशा फुटलेला पोरगा माईकवर म्हणाला, "मी डॉक्टर मॅडमच्या हातचा हाय," आणि सगळा मांडव रडला. तुझी माय रडत नव्हती. ती पंगतीत कुणी उपाशी राहिलं का ते बघत फिरत होती. मला कोपऱ्यात गाठून तिनं सरळ विचारलं, "वैशाली, तू बसणार हाईस का तिच्या जागंवर?"

"माय, मला ते काम येत नाही."

"तिला तरी कुटं येत व्हतं? सुरवातीला इकडं यायची, माझ्या मांडीवर डोकं ठिवून रडायची. सकाळी उठून तोंड धुवायची आन् जायची."

तू रडायचीस? मला हे कधी सांगितलं नाहीस. परतीच्या रस्त्यावर मी तेवढाच विचार करत होते आणि तरी घरी पोचेपर्यंत माझं उत्तर ठरलेलं होतं. सोमवारी नाही म्हणायचं. मायला वाईट वाटेल ते मी निस्तरेन, पण मला बाहेर उभं राहता येत नाही ते येत नाही.

आणि मग काल.

शनिवारची ओपीडी संपत आली होती. एका रिक्षातून पहिलटकरीण आली, एवढीशी पोर, बरोबर सासू. कळा सकाळपासून, बाळ अडलेलं आणि बाळाचे ठोके पडत चाललेले. अंगात रक्त कमी, डोळ्याच्या पापण्या आतून पांढऱ्या. परभणीला पाठवायला वेळच नव्हता. सनानं तपासलं आणि माझ्याकडं वळली. "मॅडम?"

माझे हात बाह्या वर सारायला लागलेसुद्धा. तेवढ्यात मला ते दार दिसलं. दाराबाहेर कुणी नव्हतं गं. तू गेल्यावरचं हे पहिलंच खरं ऑपरेशन, आणि तिथं कुणी नाही. सना आत, मी आत, मग रक्त कोण आणणार? मी चार पावलं मागं आले आणि तिथं उभी राहिले.

"सना, तू कर."

"मी? एकटी?"

"मंगल सिस्टर आहे. भूल मिळाली की सुरू कर. मी बाहेर आहे."

मी हे म्हणाले खरी. दोन्ही हात मागं नेऊन एकमेकांत अडकवून ठेवले, नाहीतर त्यांनी ऐकलं नसतं. परभणीच्या रक्तपेढीला फोन करून बाबारावांना अर्ध्या वाटेत रक्त घ्यायला पिटाळलं. भूलवाल्या डॉक्टरांना फोन लावला, तर ते केस कापायला बसलेले. अर्धं डोकं कापलेलं तसंच घेऊन आले, गळ्याला न्हाव्याचं फडकं. एरवी मी हसून लोळले असते.

सासूबाई दारात आडव्या. "माझा लेक पुण्याला कंपनीत हाय. त्याला इचारल्याबिगर पोट फाडू देणार न्हाई." सुनेनं स्वतः हो म्हटलं होतं, कायद्यानं तेवढं पुरे होतं, आणि मी आत असते तर तिथूनच ओरडले असते. पण बाहेर उभं राहणाऱ्याला वेळ असतो म्हण, की दुसरं काही करता येत नाही म्हण. मी त्यांना बाकावर बसवलं आणि शेजारी बसले.

"मावशी, तुमची किती बाळंतपणं झाली?"

"सात."

"लेकरं किती?"

त्यांनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "करा बाई. लेकाला मी सांगती."

मग लाईट गेली. मी ओरडायला तोंड उघडलं. पण वॉचमन जनरेटरकडं धावला होता, मी काही बोलायच्या आधीच. इतके मंगळवार काय फुकट गेले होते? आतला दिवा लागला. आणि मग, सुजे, बाळ रडलं! काय रडलं! सासूबाईंनी माझा दंड इतक्या जोरात धरला की अजून काळानिळा आहे.

मी जरा श्वास घेतला आणि आतला आवाज बदलला. तुला माहीत आहे तो बदल. बोलणं थांबतं आणि नुसती हत्यारं ऐकू येतात. गर्भपिशवी आवळत नव्हती, रक्त थांबत नव्हतं. हे मी दाराबाहेरून सांगू शकत होते, आणि काय करायचं ते माझ्या बोटांना पाठ होतं. आतून सना ओरडली, "मॅडम!"

माझी एक चप्पल निघाली होती. शपथ. एक पाय अनवाणी.

"काय पाहिजे?" मी दारातून विचारलं.

"रक्त कुठंय?"

"फाट्यावर! बाबारावांचा आत्ताच फोन आला! दहा मिनिटं!"

"बास," सना आतून म्हणाली, आणि तिच्या सूचना सुरू झाल्या. हे इंजेक्शन, ते धरा, टाका घालतेय. एकदाही "मॅडम?" नाही. मी तिथं एका चपलेवर उभी. तिला मी नकोच होते सुजे! तिला रक्ताचा पत्ता हवा होता. आणि मी आत गेले असते तर तो सांगायला बाहेर कोण होतं?

बाबाराव पळत आले ते खोकं छातीशी धरून. मी ते मंगल सिस्टरच्या हातात दिलं आणि दार पुन्हा बंद झालं. मी चप्पल घातली. सासूबाई काहीतरी पुटपुटत होत्या, मीही त्यांच्याबरोबर पुटपुटायला लागले, काय ते विचारू नकोस.

बऱ्याच वेळानं सना बाहेर आली. घामानं निथळत, मास्क गळ्यात, मागं वळून मंगल सिस्टरला सांगत होती, "पुढच्या वेळी ते इंजेक्शन आधीच भरून ठेवू." बोलत बोलत माझ्यासमोरून गेली. मी तिला दिसलेही नाही. सात-आठ पावलं पुढं जाऊन थांबली आणि वळली.

"अय्यो मॅडम, तुम्ही इथंच होतात?"

आई बरी आहे, मुलगी बरी आहे. मी मान हलवली आणि तुझ्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आधी रडले, भरपूर. मग हसायला लागले. मग तुझ्या खोलीत त्या खिडकीपासून कपाटापर्यंत जेवढी जागा आहे तेवढ्यात चक्क येरझाऱ्या घालत स्वतःशीच "केलं, पोरीनं केलं!" म्हणत राहिले. इतकी ऑपरेशनं केली मी आयुष्यात. बाळ हातात आलं की आनंद होतोच. पण तो आनंद आपल्या हातांचा असतो. हा कसला होता? मी बोट लावलं नव्हतं, कुणाला माझी आठवणही नव्हती, आणि माझ्या छातीत मावत नव्हतं. हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

आणि मग तुझा राग आला. खरा राग, नेहमीचा लुटुपुटूचा नाही. खुर्चीबद्दल तू मला काय काय ऐकवलंस! चौकश्या, ऑडिट, पुढाऱ्यांचे फोन, संपलेली औषधं. मायला तुझं रडणं माहीत. पण मी ऑपरेशन आटोपून बाहेर यायचे तेव्हा तू दारात भिंतीला टेकून उभी असायचीस, डोळे मिटलेले, ओठ दाबलेले. मला वाटायचं दमली बिचारी. तू दमलेली नसायचीस! तू तोंड दाबून नाचत असायचीस! इतकी वर्षं, इतक्या बाळंतिणी, आणि एवढं मोठं ताट तू माझ्यासमोर एकटीनं चाटूनपुसून खाल्लंस, मला एक घाससुद्धा न देता. मैत्रीण म्हणे.

उद्या साहेबांना हो म्हणून सांगतेय. आणि सनाची पाळी मी पुढच्याच महिन्यात लावणार आहे, दाराबाहेर. मी तुझ्यासारखी एकलखुरी नाही, सुजे. मी वाटून खाणार.